डबा स्वस्त, रीळ महाग

दहावीनंतर सायन्स घ्यावे की आर्ट्स, आयटीआय करावे की डिप्लोमा, हे प्रश्न पालक शिक्षकांना पूर्वीपासून विचारत आले आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पोराला फोटोचा शौक आहे. कॅमेरा मागतो. कोणता घेऊन देऊ?" विचारणारे अब्बू कधी ट्रकवर असतात, कधी सेंट्रिंगच्या कामावर, कधी दोन-तीन एकर कोरडवाहूचे मालक. पंचवीस-तीस हजार म्हणजे अशा घरात सोयाबीनच्या हंगामाची सगळी शिल्लक. ती रक्कम कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूवर गेली तर घरात वर्षभर बोलणे होते, आणि पोराच्या पुढच्या प्रत्येक शौकाला नकार ठरलेला असतो.

दुकानदाराला विचारले तर तो सगळ्यात नवे मॉडेल दाखवतो. यूट्यूबवर पाहिले तर आपल्या खिशातल्या पैशांपेक्षा दहा हजारांनी महाग असलेलाच कॅमेरा नेहमी चांगला ठरतो. मी भाषेचा शिक्षक. मला या प्रश्नाचे उत्तर इतिहासात अधिक नीट सापडते. कारण सामान्य घरातल्या पोराच्या हाती कॅमेरा कसा यावा, हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे आणि प्रत्येक पिढीने तो आपल्या परीने सोडवलेला आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. कॅमेरा हा शब्द अरबी 'क़मरा'वरून आला, असा एक मेसेज आपल्या लोकांत फिरत असतो. तो खरा नाही. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे खोली. पोर्तुगीजांच्या तोंडून तोच शब्द आपल्याकडे आला आणि उर्दू-हिंदीत 'कमरा' झाला. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे सख्खे भाऊ. खरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिऱ्यात काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात बारीक भोकातून अंधाऱ्या जागेत शिरणाऱ्या प्रकाशाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांची 'किताब अल-मनाज़िर' पुढे लॅटिनमध्ये गेली आणि युरोपच्या प्रकाशशास्त्राचा आधार बनली. एवढे काम करून गेलेल्या माणसाला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू कशाला हवा?

या अंधाऱ्या खोलीत निर्णय तीनच घ्यायचे असतात. भोक किती मोठे ठेवायचे, ते किती वेळ उघडे ठेवायचे आणि नजर नेमकी कुठे रोखायची. आजच्या भाषेत ॲपर्चर, शटर आणि फोकस. कॅमेरा हजाराचा असो की लाखाचा, तो हेच तीन निर्णय घेतो. ते माणूस घेतो की यंत्र परस्पर घेते, एवढाच फरक. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातल्या पहिल्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. पुढच्याच वर्षी, 1855 मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. नंतर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवणारे हरिचंद चिंतामण याच वर्गात शिकले. तेव्हा काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची. कॅमेरा, रसायने, तंबू हा सगळा पसारा एका विद्यार्थ्याला परवडणे शक्यच नव्हते. संस्थेने सामान घेतले आणि मुलांनी ते वाटून वापरले. आपल्या भागात फोटोग्राफीचे शिक्षण सुरू झाले तेव्हा कॅमेरा विद्यार्थ्याच्या मालकीचा नव्हता, शाळेचा होता. आजच्या शाळांनी आणि संस्थाचालकांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मालकीचा कॅमेरा सामान्य माणसाकडे आणला तो अमेरिकेच्या जॉर्ज ईस्टमनने. 1888 मध्ये त्याने काढलेला कोडॅक पंचवीस डॉलरचा होता. आत शंभर फोटोंचे रीळ भरलेलेच असे. ते संपले की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा; दहा डॉलर घेऊन कारखाना फोटो छापून देई आणि नवे रीळ भरून कॅमेरा परत करी. हिशेब करा. अडीच वेळा रीळ भरले की नव्या कॅमेऱ्याचे पैसे संपले. ईस्टमनचा खरा धंदा डब्याचा नव्हता, रिळाचा होता.

बारा वर्षांनी, फेब्रुवारी 1900 मध्ये, त्याच कंपनीने ब्राउनी आणला. पुठ्ठ्याचा डबा, साधे भिंग, किंमत एक डॉलर. जाहिरात थेट लहान मुलांसाठी होती आणि पहिल्याच वर्षी लाखाच्या वर डबे खपले. सहा फोटोंचे रीळ पंधरा सेंटांना मिळे. सात रिळे, म्हणजे बेचाळीस फोटो काढले की कॅमेऱ्यापेक्षा रिळाचाच खर्च जास्त, आणि धुलाई-छपाई वेगळी. डबा स्वस्त आणि रीळ महाग, हे गणित त्या दिवसापासून शंभर वर्षे टिकले.

तरी ब्राउनीला कमी लेखू नये. 1916 मध्ये अमेरिकेत एका चौदा वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांच्या सहलीत असाच एक ब्राउनी दिला. तो मुलगा म्हणजे ॲन्सेल ॲडम्स. निसर्गाचे फोटो म्हटले की आज जगभर पहिल्यांदा आठवणाऱ्या नावांपैकी एक. पुढे त्याने मोठमोठे कॅमेरे वापरले, पण डोळा जागा झाला तो पुठ्ठ्याच्या डब्यावर. योसेमिटीला मात्र तो वर्षानुवर्षे परत जात राहिला. म्हणजे डबा बदलला, जागा बदलली नाही.

आता आपल्या माणसाकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले. मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याला कलाभवनात गेले आणि तिथे फोटोग्राफी व छपाईच्या प्रक्रिया शिकले. गोध्र्याला फोटोग्राफर म्हणून व्यवसाय करून पाहिला. 1912 मध्ये विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. घर पणाला लावून आणलेले यंत्र. त्या कॅमेऱ्याने सुरुवातीला काय टिपले असेल? कुंडीतला वाटाणा. रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी बी रुजल्यापासून वेल वाढेपर्यंतची छोटी फिल्म बनवली. ती पाहून पैसे लावणारा माणूस तयार झाला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

फाळक्यांनी कर्ज काढून कॅमेरा घेतला म्हणून आपणही काढावे, असा अर्थ कोणी लावू नये. ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते आणि त्यांच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची हातातली कला होती. उचलायची गोष्ट ती कुंडी. महागडे यंत्र हातात असूनही सुरुवातीचा विषय घरातलाच होता, फुकटचा होता, आणि रोज त्याच्यासमोर बसावे लागत होते. कॅमेरा मागणाऱ्या मुलाला आधी एकच परीक्षा द्यावी. घरातल्या साध्या मोबाईलवर एका विषयाचे तीस दिवस रोज एकेक फोटो. मेडशीच्या मुलाला विषय शोधायला लांब जायला नको. अकोला-वाशीम रस्त्यावरची चहाची टपरी, बाजाराचा दिवस, ऑक्टोबरातले सोयाबीनचे मळणीयंत्र, पातूरच्या घाटातला फाल्गुनातला पळस. तीस दिवस जो टिकला त्याचा शौक खरा.

दुसरे नाव होमाई व्यारावाला. 1913 मध्ये नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईत, जे. जे.च्याच विद्यार्थिनी. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो आहेत जे. जे.मधल्या वर्गमैत्रिणींचे आणि मुंबईच्या रस्त्यांवरचे, आणि हातात होता सेकंडहँड रोलायफ्लेक्स. शिकवणारा घरातच होता. पुढे पती झालेले माणेकशा त्यांचे गुरू. एक फोटो छापून आला की एक रुपया मिळे. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून येत ते माणेकशा यांच्या नावाने, कारण अनोळखी तरुणीचे नाव छापण्याची पद्धतच नव्हती. सेकंडहँड कॅमेऱ्याने त्यांचे काही अडले नाही. नावाचे मात्र अडले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. तेव्हा मध्यमवर्गाला आधार मिळाला तो बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीचा. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांच्या घरातला पहिला कॅमेरा हाच. काळा-करडा डबा, बसवलेला फोकस आणि निर्णय एवढाच की ऊन आहे की ढगाळ. 120 नंबरच्या रिळावर बारा फोटो. शासनाने उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. 1967 पासून तिथे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' नावाची फिल्म घरोघरी पोचली. बारा फोटोंत अख्खी ईद, मामाचे लग्न आणि शाळेची सहल बसवायची. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस विचार करी.

आता एक तुलना पाहा. होमाईंचा रोलायफ्लेक्स आणि बडोद्याचा क्लिक थ्री यांत रीळ त्याच 120 नंबरचे आणि फोटो तेवढेच बारा. म्हणजे चालवण्याचा खर्च जवळपास सारखा. फरक कुठे? रोलायफ्लेक्समध्ये तिन्ही निर्णय माणसाच्या हातात, क्लिक थ्रीमध्ये ते जवळजवळ सगळे कारखान्याने आधीच घेऊन टाकलेले. आठवणी जपायला क्लिक थ्री उत्तम. पण शिकायचे असेल तर तो दोन रिळांत संपतो, कारण चूक झाली तरी ती आपली नसते आणि दुरुस्त करायला हाताशी काही नसते.

हे ओळखून बनवलेला कॅमेरा म्हणजे पेन्टॅक्स के-1000. 1976 मध्ये आला आणि 1997 पर्यंत बनत राहिला. बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरती. बाकी सगळे हाताने. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिक्षक हाच कॅमेरा घ्यायला सांगत. 1995 मध्ये निकॉनने एफएम-10 काढला तो याच हिशेबाने. दिसायला साधे, पण तिन्ही निर्णय विद्यार्थ्याचे. पहिला 'सिरियस' कॅमेरा कशाला म्हणावे, याची इतिहासाने दिलेली व्याख्या हीच.

मग डिजिटल आले. 2003 मध्ये कॅनन 300-डी हा हजार डॉलरच्या आत मिळणारा पहिला डीएसएलआर बाजारात आला आणि ईस्टमनचे शंभर वर्षांचे गणित उलटे झाले. डबा महाग, रीळ फुकट. गरीब घरातल्या मुलासाठी फोटोग्राफीच्या इतिहासात याहून मोठी सवलत झालेली नाही. दोन हजार फोटो बिघडवून शिका, खर्च शून्य. पण आनंदाच्या भरात दोन गोष्टी निसटतात. पहिली, तिन्ही निर्णय पुन्हा यंत्राकडे गेले. हिरव्या 'ऑटो'वर ठेवला तर पन्नास हजारांचा डीएसएलआर म्हणजे महागडा क्लिक थ्रीच. दुसरी, रिळाचा खर्च गेला नाही, त्याने नाव बदलले. जादा बॅटरी, मेमरी कार्ड, फोटो साठवायला हार्ड डिस्क, दुसरी लेन्स, दुरुस्तीसाठी शहराची फेरी. डब्याच्या किमतीत हे कुठेच दिसत नाही.

म्हणून माझे उत्तर असे. समजा घराने पंचवीस हजार ठरवले. ते सगळे एका नव्या कॅमेऱ्यात घालू नका. कंपन्यांनी आपला सगळा भर आता मिररलेसवर दिला आहे, त्यामुळे चांगले डीएसएलआर सेकंडहँड बाजारात आले आहेत. निकॉनची डी-3300 पासून 2018 च्या डी-3500 पर्यंतची मॉडेले, कॅननचे 1300-डी, 1500-डी किंवा 200-डी. शिकायला यांतले कोणतेही पुरे आहे, कारण तिन्ही निर्णय हाताने घेता येतात. सोबत येणारी 18-55 लेन्स वर्षभर वापरू द्या. मुलगा टिकला तर दुसऱ्या वर्षी 50 मिलिमीटर एफ-1.8 ही छोटी लेन्स घ्या. अंधाऱ्या घरात, संध्याकाळच्या दिव्यात ती काय करते हे पाहिल्यावर मुलगा पुन्हा 'ऑटो'वर जाणार नाही. मात्र निकॉनच्या या छोट्या मॉडेलांत फोकसची मोटार नसते. ती लेन्समध्ये असलेली, म्हणजे 'एएफ-एस' लिहिलेलीच लेन्स घ्यावी.

जुना कॅमेरा घेताना बैलबाजारात दात पाहतात तसे पाहून घ्यावे. शटर किती वेळा पडले ते विचारा. या मॉडेलांचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीचे जाळे आहे का पाहा. भोक बारीक करून, म्हणजे एफ-16 वर, मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. फुगलेली बॅटरी घेऊ नका. बिलावरचा नंबर आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळतो का बघा, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा. आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात कपाटात कोंडू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

पंचवीस हजारही नसतील तर? तर 1855 ची वाट आहे. गावातल्या शाळेने, माजी विद्यार्थ्यांनी किंवा चार घरांनी मिळून एक कॅमेरा घ्यावा. वहीत नोंद करून शुक्रवार ते रविवार एकेका मुलाकडे द्यावा. तीन दिवसांपुरताच मिळालेला कॅमेरा कपाटात पडून राहत नाही. त्यातून कोण टिकतो हे वर्षभरात कळते आणि मग त्याच्यासाठी वेगळा खर्च करताना कोणाचा जीव खालीवर होत नाही.

राहिला प्रश्न पोटाचा, कारण अब्बूंच्या मनात खरा प्रश्न तोच असतो. फोटोने घर चालते का? आपल्या शेजारच्या अकोल्यात 1966 मध्ये जन्मलेले सुधारक ओलवे मुंबईच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रकार झाले. त्यांनी सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले आणि 2016 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचले. सगळे तिथे पोचत नाहीत. पण गावोगावी लग्ने आहेत, शाळांचे कार्यक्रम आहेत, आणि नीट शिकलेला हात रिकामा राहत नाही.

इथे एक गोष्ट पालकांच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. कॅमेऱ्याबद्दल विचारणारे अब्बू नेहमी पोराबद्दलच विचारतात. आपल्या लग्नांत बायकांच्या मंडपात पुरुष फोटोग्राफर नको, हा आग्रह बहुतेक घरांत असतो. मग तिथे कोणाच्या तरी भाचीच्या मोबाईलवर हललेले, अंधारे फोटो निघतात, आणि दुल्हनच्या आयुष्यातला मोठा दिवस तसाच राहून जातो. या मंडपाला कॅमेरा हाताळणारी मुलगी हवी आहे, आणि तिला मेहनताना द्यायला लोक तयार आहेत. घरात कॅमेरा आला तर तो भाऊ आणि बहीण दोघांच्या हातात द्या. आणि फोटो तिने काढला असेल तर त्याखाली नाव तिचेच लिहा.